वंशावळीत मयत

११ ऑगस्ट, सोमवार. पूर्णा

माझ्या मृत्यूचा दाखला मिळाला नाही म्हणून आज माझा भाऊ मला घ्यायला आला!

चौदा वर्षांनी. मी मालगाडीचे डबे जोडून यार्डातून वर येत होते. हातात झेंडा, तोंड काळं झालेलं. दोन नंबरच्या प्लॅटफॉर्मवर नळापाशी वैजीनाथ उभा. आधी ओळखलंच नाही. केस गेलेत, पोट सुटलंय. त्याने मला ओळखलं, पण हाक कशी मारावी ते त्याला सुचेना. शेवटी म्हणाला, "ओ मॅडम."

मॅडम! सख्ख्या बहिणीला!

टपरीवर बसून सगळं सांगितलं. त्याच्या पोरीचा, ऋतिकाचा, नांदेडला नर्सिंगला नंबर लागलाय. आदिवासी कोट्यातून. आम्ही आंध जमातीचे. जातीचा दाखला आहे, पण तो खरा आहे की नाही हे पडताळणी समिती ठरवते. मग वैधता मिळते, आणि वैधता नसली की सीट जाते. समितीला वंशावळ शपथेवर लिहून द्यायची, आणि बापाकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाकडे वैधता असली तर ती जोडायची. आमच्या अख्ख्या घरात ती एकाच माणसाकडे आहे. माझ्याकडे. मला पॉलिटेक्निकला घालताना आमच्या बापाने, बापूने, काढली होती, २००६ साली. बापूच्या पेटीत तिची झेरॉक्स सापडली, ती याने लावली. आणि वंशावळीत माझ्या नावापुढे लिहिलं — मयत.

समितीचं पत्र आलं. सदर मयत व्यक्तीचा मृत्यू दाखला जोडावा.

"ग्रामसेवक म्हनला, कुठं मेली, कवा मेली, रजिस्टरला नोंदच न्हाई." वैजीनाथ असं सांगत होता की जसं काही चूक माझीच. वेळेवर मेले नाही!

मी हसले. मोठ्याने. टपरीवाला बघायला लागला. मग म्हणाले, मेलेली माणसं सह्या करत नसतात, आणि उठले. तो मागून म्हणाला, "पोरीचं वाटूळं करू नको. तुजं काय व्हायचं ते झालं."

चहा त्याचा त्याने पिला. मी घेतला नव्हता.


१२ ऑगस्ट

जाणार नाही. मेले तरी जाणार नाही — हे आता म्हणायची पण सोय राहिली नाही.


१३ ऑगस्ट, बुधवार

रेणुका म्हणते, जा. मी म्हणाले, तूच जा. ती म्हणाली, मला तिथं कोण ओळखतं?

ओळखतात ना! चांगलंच ओळखतात!

पॉलिटेक्निकला आम्ही दोघी एका खोलीत होतो. मला रेल्वेत नोकरी लागली, तिला इथल्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम मिळालं, आणि आम्ही एका घरात राहायला लागलो. तिकडे घरी माझं लग्न ठरवलेलं, तात्यारावच्या पुतण्याशी. तात्याराव म्हणजे आमच्या लोकांतला मोठा माणूस. बैठकीत त्याचा शब्द शेवटचा. मी घरी जाऊन सांगितलं की लग्न करणार नाही, माझं माणूस मी बघितलंय. कोण? रेणुका. बाई ही एक चूक. जातीबाहेरची ही दुसरी. यातली मोठी कोणती, यावर दोन दिवस बैठक बसली म्हणे! तोवर मी पूर्णा गाठली होती.

मग कळलं की घराने माझ्या नावाने आंघोळ केली. माणूस जळून आल्यावर करतात ती. बापू आदल्याच वर्षी गेला होता, म्हणून जमलं त्यांना. बापूच्या नावची तीन एकर जमीन वारसाने लावून घेतली, त्या कागदावर माय आणि वैजीनाथ वारस. मी मयत. भावाने मला तीन एकरांसाठी मारलं. आणि ते पण माळरान! तूर धड येत नाही त्यात. निदान काळ्या रानासाठी तरी मारायचं.

संध्याकाळी फोन आला. "आत्या, मी ऋतिका. आठवते का मी?" आठवते. चार वर्षांची होती. सीताफळाच्या बिया गिळल्या आणि पोटात झाड येईल म्हणून दिवसभर पोट धरून बसली होती. म्हणाली, "वीस तारखेला घरी चौकशीला येनार हायत. तू फक्त येऊन बस. तुला काहीच बोलायचं न्हाई."

फक्त बस! चांगली तयार केलीय पोरगी.


१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं. रजेचा अर्ज दिला, पाच दिवस. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. साहेबांनी वर बघितलं पण विचारलं नाही.

मी ऋतिकासाठी चाललेय. बाकी कोणासाठी नाही. मायसाठी पण नाही. (खोटं. मायला बघायचंय.)


१६ ऑगस्ट, शनिवार. गाव

परभणीपर्यंत गाडी, तिथून जिंतूरची लाल बस, पुढे जीप. जीपमध्ये एका म्हाताऱ्याने विचारलं, कोणाच्या घरची? रामहरीची पोरगी, म्हणाले. तो सरकून बसला! मला जागा करून द्यायला नाही. अंग लागू नये म्हणून.

घराला पत्र्याच्या जागी स्लॅब आलाय. दारात वैनी, सुमनबाई. तोंडावर हसू नाही की काही नाही. "ओसरीतच टाका पिशवी. आत देव हायत." मी म्हणाले, देव मला ओळखतात. ती म्हणाली, "देवानंबी आंगूळ केलीया तुमच्या नावानं."

माझ्यासाठी ताट वेगळं, तांब्या वेगळा. जेवण झाल्यावर ताट मीच घासायचं आणि ओसरीतच पालथं घालायचं, आतल्या भांड्यांत मिसळायचं नाही.

माय शेळ्यांपाशी होती. वाळलीय. मी जवळ जाऊन उभी राहिले. तिने माझ्या पायांकडे बघितलं, मग शेळीकडे. दावं सोडलं, पुन्हा बांधलं, पुन्हा सोडलं. मी म्हणाले, माय. तिने शेळीला हाकललं आणि तिच्यामागे निघून गेली.

बरं. असंच असू दे.


१७ ऑगस्ट, रविवार

आज गाव मला बघायला आलं. मेलेलं माणूस परत आलेलं बघायला तिकीट लागत नाही.

बायका येऊन उंबऱ्यापाशी उभ्या राहायच्या, वैनीला म्हणायच्या, "हीच का?" वैनी म्हणायची, "हीच." मग कोणी माझ्या पँटकडे बघायचं, कोणी केसांकडे. एकीने पोराला पदराआड ओढलं. शेजारची तानुबाई तेवढी जवळ आली, वाकली आणि माझ्या टाचा बघितल्या. भुताचे पाय उलटे असतात! "सरळच हायत गं," ती बाकीच्यांना म्हणाली, आणि जरा नाराजच झाली.

दुपारी तात्याराव. पांढरं धोतर, हातात मोबाइल, सोबत दोघं. मी खाटेवरून उठले नाही. तो खुर्चीवर बसला आणि माझ्याशी न बोलता वैजीनाथशी बोलायला लागला. "आंगूळ झालेल्या मानसावर जातीचा हक न्हाई आन् जिम्मेदारीबी न्हाई. ती आपल्याला मेलेली. पन पोरीच्या कागदापुरती हिला उठवावी लागंल."

उठवावी लागेल! खुराड्यातल्या कोंबडीसारखी.

मग मुद्द्यावर आला. साहेब विचारणार की ही चौदा वर्षं कुठं होती, लग्न कुठं झालं. तर सांगायचं, लगीन पूर्णेला दिलं. नवरा रेल्वेत होता. मेला. त्याच्या जागेवर ही लागली. आणि कागदावर मयत कसं आलं? नवरा मयत, असं सांगितलं होतं, लिहिणाऱ्याने पोरीच्या नावापुढं लिहिलं.

एवढं सगळं त्याने घरून ठरवून आणलं होतं. मी विचारलं, नवऱ्याचं नाव काय होतं? तर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नाव ठरवायचं राहिलं होतं! सोबतचा एकजण म्हणाला, "आदिनाथ ठिवा." म्हणजे मी आदिनाथची विधवा. आधी मला मारलं, आता जो कधी जन्मलाच नाही त्याला माझ्याकडून मारून घेणार.

मी म्हणाले, आणि रेणुकाचं काय करायचं? तिला कधी मारायचं?

तात्याराव पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "त्या बाईचं नाव या घरात घ्यायचं न्हाई. खामखा तोंड उघडशील तर पोरीची सीट जाईल, मंग बस तिला पूर्णेला संबाळत."

ऋतिका दारामागे उभी होती. तिने सगळं ऐकलं. आत गेली, आणि थोड्या वेळाने माझ्यासाठी चहा घेऊन आली. वेगळ्या कपात.


१८ ऑगस्ट, सोमवार

आज अख्ख्या घराने आदिवासी असण्याचा अभ्यास केला!

चौकशीला येणारे रीतिरिवाज विचारतात. तुमचे देव कोणते, लग्न कसं लावता, मेल्यावर काय करता. तात्यारावने जिंतूरवरून झेरॉक्स आणलीय, सोळा पानं. प्रश्न आणि उत्तरं. ओसरीत सगळे बसले. वैजीनाथ चष्मा लावून वाचतोय, वैनी भाकरी थापता थापता पाठ करतेय, ऋतिका भिंतीला टेकून डोळे मिटून पुटपुटतेय. बारावीला बायोलॉजी केली तसंच. आमच्याच आज्याने काय केलं ते आम्ही झेरॉक्सवरून शिकायलोय.

आणि चुकीचं! नवरीला पाटावर कोण बसवतं, तर यांनी पाठ केलं होतं मामा. आमच्या घरात आत्या बसवते. वाघदेवाच्या दगडाला शेंदूर कोण लावतं, वैनीने सांगितलं घरधनी. आमच्यात घरातली थोरली लेक लावते. मला बापूने हे सगळं माझ्या चौकशीच्या वेळी सांगितलं होतं, झेरॉक्स न घेता. मला त्या रानात नेऊन, दगड दाखवून. बापू म्हणायचा, आपुन हाय ते सांगायला भ्यायचं न्हाई. मी एकेक चूक दुरुस्त करत गेले. माझ्याशिवाय कोणाला काही येत नाही! जिला जातीतून काढली तिलाच जात येते.

पान बारा — 'आमच्या समाजात स्त्रीला मानाचे स्थान आहे.' मी मोठ्याने वाचलं. दोनदा. कोणी हसलं नाही.

पुढचा प्रश्न, सुतक किती दिवस पाळता? वैजीनाथने उत्तर वाचलं, दहा दिवस. मी विचारलं, माझं किती दिवस पाळलं?

तानुबाई उंबऱ्यावर बसली होती, तिनेच सांगितलं. "तुजं तीनच दिस पाळलं माय. पेरनी व्हती."

मला एवढं हसू आलं की ठसका लागला. वैजीनाथ उठून बाहेर गेला. मी मागे जाऊन म्हणाले, दादा, निदान दहा तरी पाळायचे. तो म्हणाला, "तुला काय वाटतंय, आमाला लय हौस व्हती? घरात कोन येत नव्हतं. पीठ दळून देत नव्हते लोक. ही पोरगी तापीनं फनफनली तर डॉक्टरपस्तोर न्यायला गाडी कोन देईना. तू गेलीस. तुला काय? तू गाडीत बसलीस आन् गेलीस!"

मी म्हणाले, म्हणून जमीन घेतलीस?

थुंकला आणि गोठ्यात गेला.


१९ ऑगस्ट

माय आज माझ्याशी एक शब्द बोलली. "सरक."


२० ऑगस्ट, बुधवार

झालं. लिहून काढते.

अकरा वाजता जीप आली. दोघं. एक पोलीस खात्यातले साहेब, एक बाई. चष्मा, जाड वही, शांत आवाज. आमच्या लोकांचा अभ्यास करणाऱ्या अधिकारी. ओसरीत सतरंजी टाकली होती. माझं पालथं ताट सकाळीच आत नेऊन ठेवलं होतं, बघा! आज मी घरातली. वैनीने मला तिची साडी दिली, पांढरट, बारीक फुलांची. विधवेला शोभेल अशी. मी नेसले. ऋतिकाकडे बघून नेसले, हेही लिहून ठेवते. तोवर माझं ठरलं होतं की बोलायचं आदिनाथ आणि मोकळं व्हायचं.

बाईंनी प्रश्न विचारले. घरातल्यांनी पाठ केलेली उत्तरं दिली. वैजीनाथ मध्येच विसरला, तर मी सांगितलं. वाघदेवाचं मी सांगितलं, तो दगड कुठल्या बांधावर आहे ते सांगितलं, शेंदूर लावताना काय म्हणतात ते म्हणून दाखवलं. बाई लिहायच्या थांबल्या, आणि परत म्हणा म्हणाल्या. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लय बरं वाटलं.

मग वंशावळ काढली. त्यावर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "दैवशाला रामहरी. इथं मयत लिहिलंय. या कोण?"

तात्याराव पुढे सरकला. लगेच सुरू. लगीन पूर्णेला, नवरा मयत, लिहिणाऱ्याची चूक. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "नवऱ्याचं नाव?"

आदिनाथ. चार अक्षरं. जिभेवर होती. समोर ऋतिका, दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून. मला तिच्यासाठी म्हणायचंच होतं! पण मला दिसायला लागलं की हे लिहिलं की तेच खरं होणार. परत चौदा वर्षांनी कोणाच्या तरी पोरीची चौकशी लागेल, आणि कोणीतरी वाचेल, दैवशाला, आदिनाथची विधवा. आणि रेणुका कुठेच नसेल. माझ्यासोबत चौदा वर्षं एका चुलीवर जेवलेली बाई, माझ्या टायफॉइडमध्ये माझं डोकं धरून बसलेली — कुठल्याच कागदात नाही, मेलेल्यांत सुद्धा नाही.

"नवरा नाही," मी म्हणाले. "नव्हताच. मी लग्न केलं नाही. रेणुका म्हणून आहे, तिच्यासोबत राहते मी. नवराबायको राहतात तशा. म्हणून यांनी मला मेली म्हणून लिहिलं."

वैनीने पदर तोंडावर घेतला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "तो आमच्या चौकशीचा विषय नाही. तुमचं रक्ताचं नातं आणि तुमची वैधता, एवढंच आम्हाला लागतं. अविवाहित लिहू?"

"आधी जिवंत लिहा," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं. मी डोळ्यांनी बघितलं. जिवंत.

मग साहेब म्हणाले, पण जमिनीच्या जुन्या नोंदीतही या मयत दिसतात, ते पहिल्यांदा शपथेवर लिहून कोणी दिलं? हा गुन्हा होतो. माय खांबाला धरून उभी होती, खाली बघत. वैजीनाथ म्हणाला, "म्या."

चौदा वर्षांनी कबूल केलं. पोलिसासमोर, पण केलं. मला वाटलं होतं त्या दिवशी मला आनंद होईल. झाला. थोडा.


२१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी पिशवी अंगणात होती. मी ठेवली नव्हती.

वैजीनाथ म्हणाला, "तोंड काळं कर. आता जाऊन सांग तुज्या बाईला, घर बुडवून आले म्हनून." तात्याराव पारावरून ओरडला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "जित्ती हाय म्हन्ती ना सायबापुढं? बरं. जित्ती तर जित्ती. मंग जातीला इचार करावा लागंल." दोनचार जण हसले.

मी त्याला म्हणाले, कर विचार. सोळा पानं झेरॉक्स काढून कर!

ऋतिका जीपपर्यंत आली. मला वाटलं काहीतरी चांगलं बोलेल. "आत्या, एका मिनटाचं काम होतं. एक नाव घ्यायचं होतं खोटं. मी दोन वर्षं अभ्यास केलाय." रडत नव्हती. रागाने बघत होती, अगदी माझ्यासारखी.

मी म्हणाले, खरंय, मला जमलं नाही. ती म्हणाली, "तुला कायम तुझंच पडलंय."

जीपमध्ये बसल्यावर मला तिचाही राग आला. अठरा वर्षांच्या पोरीचा! पण आला.

माय बाहेर आली नाही.


२२ ऑगस्ट. पोळा

रेणुकाला सगळं सांगितलं. तिला बरं वाटेल असं वाटलं होतं. ती भडकली! "तुला कोणी सांगितलं होतं माझं नाव सरकारी कागदावर घालायला? माझ्या घरी मी अजून तुझी रूमपार्टनर आहे. मला विचारलंस?"

नाही विचारलं. हे पण खरंच.

पुरणपोळी केली तिने. दोघी न बोलता जेवलो.


३० ऑगस्ट

रेणुका बोलायला लागली. आज कपडे वाळत घालताना म्हणाली, "जिवंत लिहा म्हणालीस, खरंच?" मी हो म्हणाले. "वेडी आहेस," म्हणाली.


३ सप्टेंबर, बुधवार

ऋतिकाचा फोन. कोरडा. समितीला वारसाच्या त्या जुन्या कागदाची नक्कल हवीय, २०११ ची, जिच्यात मी पहिल्यांदा मेले. सही कोणाची ते त्यांना बघायचंय. पण पप्पा काढत नाहीत. जिंतूरला जात नाहीत. म्हणतात, म्या कबूल केलंय, मंग नक्कल कशाला.

तिच्या हातून फोन घेऊन वैजीनाथच बोलला. "तू यात पडू नको. मी लिवून दिलंय म्याच केलं म्हनून. बास."

का रे दादा? चोरी कबूल केली तर चोरीचा माल का लपवतोस? आता तर मी काढणारच. ती सही मला बघायचीय. त्याच्या हातची, शाई उठलेली. फ्रेम करून लावते भिंतीला!


८ सप्टेंबर, सोमवार

सुटी घेतली, जिंतूरला गेले. तहसीलच्या रेकॉर्डला अर्ज दिला. चार वाजता नक्कल मिळाली. बाहेर लिंबाखाली उभं राहून उघडली.

अर्जदार — कडूबाई रामहरी. माय. शपथेवर लिहून देते की माझी मुलगी दैवशाला मयत आहे. तारीख ८ जून २०११. खाली सही नाही. अंगठा आहे. डावा.

वैजीनाथचं नाव फक्त वारसांच्या यादीत. त्याची सही कुठेच नाही. मी तीनदा बघितलं, मागची बाजू पण बघितली.

मग साहेबांपुढे 'म्या' का म्हणाला?

बसस्टँडवर किती बस गेल्या माहीत नाही. ज्या बाईला बघायला म्हणून मी गेले होते, तिने मला मारलं. तिने! परत येताना गाडीत एका बाईने विचारलं, घरी कोणी गेलं का? मी म्हणाले, नाही.


९ सप्टेंबर, मंगळवार

फोन ऋतिकाने उचलला. मायला दे म्हणाले. मायला विचारलं, अंगठा तुझा का?

"व्हय. चार दिस तात्यारावची जीप हिंडली तुज्या मागं. शिटाखाली कुऱ्हाड व्हती. तुज्या भावालाबी बसवलं व्हतं धरून. आंगूळ झालेल्या मानसामागं जातीला जाता येत न्हाई. म्हनून म्याच आदी आंगूळ केली. लोक म्हनले, अशी कशी मेली, तर कागद करून आनला. वैजूला म्हनलं, तुज्यावर घे, माज्या लेकीला कळू दिऊ नको."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता तू जित्ती म्हनून लिवून गेलीस. काल तात्याराव आल्ता. चौकशीचा कागद मागून घेतला, आन् तुज्या पत्त्याचा फोटू काढून नेला."

पत्ता मीच सांगितला होता. बाईंनी विचारला, तेव्हा सगळ्यांसमोर, मोठ्याने, क्वार्टर नंबरासकट.